व्हिडिओ आडवा उलटवला तरी पुन्हा सरळ होतो: कारणे आणि उपाय

गणेशोत्सवाच्या कार्यक्रमाची लेझीम आणि त्यामागोमाग येणारी नवरात्र, या दोन कारणांनी बडोद्यातील मराठी घरांत दरवर्षी एक प्रश्न हमखास उपस्थित होतो. यूट्यूबवरील शिक्षिका आपल्याकडे तोंड करून उजवा हात वर करतात, तो पडद्यावर आपल्या डावीकडे दिसतो, आणि पाहणारा नकळत डावा हात वर करतो. तेव्हा हा व्हिडिओ आरशासारखा कसा करायचा? या प्रश्नाचे उत्तर कुणीतरी देते, त्या दिवसाचे काम भागते, आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस तक्रार घेऊन येतो की काल उलटवलेला व्हिडिओ आज पुन्हा सरळ दिसतो, किंवा मोबाइलवर उलटा दिसतो पण टीव्हीवर सरळ, किंवा पडदा पूर्ण भरला की आपोआप जागेवर येतो. ही दुसरी तक्रारच अधिक चिवट आहे आणि येथे मुख्यतः तिचाच विचार केला आहे.

प्रथम यूट्यूबविषयी. यूट्यूबच्या प्लेअरमध्ये गती, दर्जा, सबटायटल्स यांच्या सोयी आहेत, पण चित्र आडवे उलटवण्याची, म्हणजे त्याचे डावे-उजवे बदलण्याची, सोय नाही, संकेतस्थळावरही नाही आणि ॲपमध्येही नाही. म्हणून जो काही उलटा व्हिडिओ आपण पाहतो तो बाहेरून कुठेतरी उलटवलेला असतो: मूळ फाइलमध्ये, फाइल चालवणाऱ्या प्लेअरमध्ये, ब्राउझरच्या पानावर किंवा प्रोजेक्टरमध्ये. या जागा एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. ब्राउझरच्या पानावर केलेला बदल त्या पानाबाहेर जात नाही, संगणकावरील व्हीएलसी या प्लेअरमध्ये केलेला बदल फाइलमध्ये लिहिला जात नाही, आणि प्रोजेक्टरला तर आधी काय झाले आहे याचा पत्ताही नसतो. तक्रार कोणतीही असो, उलटवणे कोणत्या जागी झाले आणि पाहणे कोणत्या जागी चालले आहे हे दोन प्रश्न आधी विचारले की बहुतेक वेळा कारण लगेच सापडते.

उलटवण्याची गरज आहे का

हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि त्यामुळे बरेच जण आधीच योग्य असलेला व्हिडिओ उलटवून स्वतःची पंचाईत करून घेतात. शिक्षिका पाठमोऱ्या उभ्या असतील तर त्यांचा उजवा हात आपल्याही उजवीकडेच असतो, तेथे काहीही करू नये. शिक्षिका समोरून शिकवत असल्या, पण तोंडाने ‘उजवा’ म्हणत स्वतःचा डावा हात उचलत असल्या, तर त्यांनीच विद्यार्थ्यांची सोय केलेली आहे. अनुभवी नृत्यशिक्षकांपैकी अनेकांना ही सवय असते. तिसरा प्रकार फसवा आहे. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने घेतलेले चित्रण काही फोनमध्ये आरशासारखेच साठवले जाते. ते आधीच उलटे असते आणि आपण पुन्हा उलटवले की सरळ होऊन बसते.

असा आधीच उलटलेला व्हिडिओ ओळखण्यासाठी चौकटीत कुठे अक्षरे किंवा आकडे दिसतात का ते पाहावे. भिंतीवरचे कॅलेंडर आणि घड्याळ हे सर्वांत भरवशाचे साक्षीदार. दुकानाची गुजराती पाटी असेल आणि ती वाचण्याची सवय नसेल, तर ती उलटी आहे हे नजरेतून निसटू शकते, तेव्हा आकड्यांकडेच पाहावे. पुरुषाच्या शर्टाचा खिसा सहसा त्याच्या डाव्या छातीवर असतो, म्हणजे समोरून पाहताना तो आपल्या उजवीकडे दिसायला हवा. तबलजी समोरून दिसत असेल तर लहान तोंडाचा तबला आपल्या डावीकडे आणि डग्गा उजवीकडे असायला हवा. उलट दिसला तर व्हिडिओ उलटलेला आहे किंवा वादक डावखुरा आहे. साडीच्या पदरावरून मात्र बडोद्यात निष्कर्ष काढू नये. मराठी पद्धतीचा पदर डाव्या खांद्यावर असतो, गुजराती पद्धतीत तो मागून उजव्या खांद्यावरून पुढे येतो, आणि आपल्या गावात एकाच मांडवात दोन्ही दिसतात, कित्येकदा एकाच घरातल्या दोघींच्या अंगावर.

गरब्यासाठी आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. गरब्याचे रिंगण सहसा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते, म्हणजे मध्याकडे तोंड करून उभे राहिल्यास माणूस आपल्या उजवीकडे सरकत जातो. मैदानावरील संपूर्ण रिंगणाचे चित्रण उलटवले की हेच रिंगण काट्यांच्या दिशेने फिरताना दिसते, आणि त्यावरून दिशा पाठ करणाऱ्याची पहिल्याच रात्री समोरून येणाऱ्या रांगेशी टक्कर होते. म्हणून हाता-पायांच्या हालचाली समोरून शिकवणाऱ्या एकट्या शिक्षिकेच्या उलटवलेल्या व्हिडिओवरून शिकाव्यात आणि रिंगणाची दिशा न उलटवलेल्या चित्रणावरून पाहावी. दोन्ही कामे एकाच व्हिडिओवर भागवण्याचा आग्रह धरू नये.

संगणकावरील ब्राउझर

येथे सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एक्स्टेन्शन, म्हणजेच ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम. क्रोम, एज आणि फायरफॉक्स या तिन्हींच्या अधिकृत दुकानांत ‘मिरर व्हिडिओ’ किंवा ‘फ्लिप व्हिडिओ’ असे शोधल्यास अनेक एक्स्टेन्शने मिळतात. त्यातली बहुतेक आतून एकच काम करतात: पानावरील व्हिडिओच्या आडव्या मापाला उणे एकने गुणतात, त्यामुळे मध्यरेषेच्या डावीकडचा प्रत्येक बिंदू तितक्याच अंतरावर उजवीकडे जातो. फाइलला हात लागत नाही, दर्जा घटत नाही आणि वेगावर परिणाम होत नाही. एक्स्टेन्शन निवडताना ते सर्व संकेतस्थळांवरील मजकूर वाचण्याची परवानगी मागते का ते पाहावे. ज्या ब्राउझरमधून आपण बँकेचे व्यवहार करतो त्यात अशी सरसकट परवानगी देणे मला पटत नाही. क्रोममध्ये एक्स्टेन्शनच्या तपशिलात जाऊन ती केवळ यूट्यूबपुरती मर्यादित करता येते आणि तेवढी पुरते.

आता ते का बंद पडते ते पाहू. इन्कॉग्निटो (खासगी) खिडकीत एक्स्टेन्शन मुळात बंदच असतात, त्यांना तेथे वेगळी परवानगी द्यावी लागते. मुलांसाठी वेगळी खिडकी उघडून देणाऱ्या पालकांच्या हे लक्षात येत नाही. एक्स्टेन्शनला ‘क्लिक केल्यावरच’ अशी परवानगी दिलेली असेल तर पान नव्याने उघडल्यावर पुन्हा क्लिक करावेच लागते. गेल्या एक-दोन वर्षांत एखादे जुने एक्स्टेन्शन एकाएकी नाहीसे झाले असेल, तर त्याचे कारण बहुधा हे असते की क्रोमने 2024 पासून जुन्या रचनेची एक्स्टेन्शने टप्प्याटप्प्याने बंद केली. अशा वेळी जुने परत मिळवण्याची खटपट न करता नव्या रचनेचे दुसरे घ्यावे.

पडदा पूर्ण भरताच चित्र सरळ होते, ही तक्रार संगणकावर काही संकेतस्थळांपुरतीच येते, आणि त्यामागचे कारण गमतीदार आहे. पूर्ण पडद्यावर जो घटक पसरवला जातो त्याच्यावरील असे सर्व फेरफार रद्द करण्याचा नियम ब्राउझरमध्ये आधीच घातलेला असतो. यूट्यूब पूर्ण पडद्यावर जाताना व्हिडिओ आणि बटणे यांना धरणारी बाहेरची चौकट पसरवते, व्हिडिओ तिच्या पोटात तसाच राहतो, त्यामुळे त्याचे उलटणे टिकते. ज्या संकेतस्थळावर थेट व्हिडिओच पसरवला जातो तेथे नियम लागू होतो आणि चित्र सरळ होते. अशा ठिकाणी पूर्ण पडद्याचे बटण दाबू नये. त्याऐवजी ब्राउझरची खिडकी एफ 11 या कळीने मोठी करावी आणि पान कंट्रोल व अधिकच्या चिन्हाने वाढवावे. चार बोटे कमी दिसते, पण उजवे ते उजवेच राहते.

एखाद्या शाळेच्या किंवा वर्गाच्या पानात बसवलेला यूट्यूबचा व्हिडिओ उलटत नसेल, तर तो त्या पानाच्या आतल्या स्वतंत्र चौकटीत असतो आणि कित्येक एक्स्टेन्शने तेथपर्यंत पोचत नाहीत. व्हिडिओच्या शीर्षकावर क्लिक करून तो थेट यूट्यूबवर उघडला की अडचण दूर होते.

एक्स्टेन्शन घालण्याची मुभा नसेल, उदाहरणार्थ कचेरीच्या किंवा महाविद्यालयाच्या संगणकावर, तर तेच काम हातानेही होते. यूट्यूबच्या चित्रावर उजवे क्लिक केले की यूट्यूबचा स्वतःचा मेन्यू येतो. त्याच जागी पुन्हा उजवे क्लिक केले की ब्राउझरचा मेन्यू येतो आणि त्यात ‘इन्स्पेक्ट’ असते. तेथे व्हिडिओ नावाचा घटक निवडून त्याच्या शैलीत ‘ट्रान्सफॉर्म’ या गुणधर्माला ‘स्केल-एक्स’ आणि कंसात उणे एक असे मूल्य द्यावे, म्हणजे transform: scaleX(-1) असे लिहावे. पान ताजे केले की हा बदल जातो, हे गृहीत धरावे. मध्येच जाहिरात आली तर तीही उलटी दिसते, त्यात काही बिघडलेले नाही. यूट्यूबची सबटायटल्स वेगळ्या थरावर असल्यामुळे सरळच राहतात. चित्रातच छापलेली अक्षरे मात्र उलटी दिसणार आणि त्यावर उपाय नाही.

विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘लँडस्केप फ्लिप्ड’ असा पर्याय दिसतो आणि अनेकजण आशेने तो निवडतात. त्याने पडदा 180 अंशांत फिरतो, म्हणजे शिक्षिका डोक्यावर उभ्या राहतात. आडवे उलटवण्याशी त्याचा संबंध नाही. घाबरून न जाता काही सेकंद थांबावे, बदल कायम ठेवण्यास होकार दिला नाही तर विंडोज आपण होऊन पूर्ववत होते.

मोबाइल

खरी ओढाताण येथे आहे, कारण बहुतेकांकडे सरावासाठी मोबाइलच असतो आणि यूट्यूबच्या ॲपमध्ये बाहेरचे एक्स्टेन्शन शिरू शकत नाही. ॲप सोडून व्हिडिओ ब्राउझरमध्येच उघडावा लागतो.

अँड्रॉइडवर क्रोम या कामाचा नाही, कारण मोबाइलच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शनची सोय नाही. फायरफॉक्स घ्यावा, डिसेंबर 2023 पासून त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीत एक्स्टेन्शनचे दुकान सर्वांसाठी खुले झाले आहे. येथे हमखास होणारा घोटाळा असा की व्हॉट्सॲपवर आलेला दुवा दाबला की तो थेट यूट्यूबच्या ॲपमध्ये उघडतो आणि माणूस म्हणतो की एक्स्टेन्शन चालत नाही. दुवा दाबू नये, तो कॉपी करून फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत चिकटवावा, आणि फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये ‘ओपन लिंक्स इन ॲप्स’ हे ‘नेव्हर’ वर ठेवावे. आमच्या ओळखीच्या एका काकू दोन वेगळी एक्स्टेन्शने काढून घालून थकल्या होत्या. दुवा चिकटवून उघडल्यावर तेच पहिले एक्स्टेन्शन बिनतक्रार चालले.

आयफोनवर सफारीला 2021 मध्ये आलेल्या आयओएस 15 पासून एक्स्टेन्शन चालतात. ती ॲप स्टोअरमधून घ्यावी लागतात आणि घेतल्यावर सफारीच्या सेटिंगमध्ये जाऊन सुरूही करावी लागतात. हा दुसरा टप्पा राहून गेल्यामुळे अनेकांना ती बिघडलेली वाटतात. त्यानंतरही आयफोनची एक मर्यादा उरते. पूर्ण पडदा केला की आयफोन व्हिडिओ आपल्या स्वतःच्या प्लेअरकडे सोपवतो आणि पानावर केलेले उलटणे मागे राहते. म्हणून आयफोनवर व्हिडिओ पानातच ठेवून फोन आडवा धरावा आणि पूर्ण पडद्याचे बटण दाबू नये. चित्र लहान वाटत असेल तर फाइल उलटवण्याचा मार्ग बरा.

फाइल उलटवणे

एकच व्हिडिओ महिनाभर पाहायचा असेल, चौघांना द्यायचा असेल किंवा मोठ्या पडद्यावर लावायचा असेल, तर माझ्या मते एक्स्टेन्शनच्या नादी न लागता फाइलच कायमची उलटवून ठेवावी. त्यासाठी फाइल हातात असावी लागते. यूट्यूबच्या ॲपमधील ‘डाउनलोड’ त्या ॲपच्या आतच राहते, गॅलरीत येत नाही, त्यामुळे त्याचा येथे उपयोग नाही. नृत्य बसवणाऱ्या ताईंकडून किंवा मंडळाच्या गटातून मूळ चित्रण मागून घ्यावे. बहुतेक जण आनंदाने देतात. व्हॉट्सॲपवर पाठवताना ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे, नाहीतर दर्जा घसरतो आणि पायांची हालचाल धूसर होते.

आयफोनच्या फोटोज ॲपमध्ये 2019 च्या आयओएस 13 पासून व्हिडिओही उलटवता येतो. एडिट दाबून क्रॉपच्या चौकोनावर गेले की वरच्या कोपऱ्यात समोरासमोर ठेवलेल्या दोन त्रिकोणांचे चिन्ह दिसते, ते दाबावे. मूळ चित्रण फोन जपून ठेवतो, आणि तेथेच एक खोच आहे. केबलने विंडोजच्या संगणकावर नेताना मूळ आणि सुधारित अशा दोन फाइली दिसतात. क्रमांकाच्या आधी ‘ई’ अक्षर असलेली फाइल सुधारित असते. दुसरी उचलली की आयफोनवर उलटा आणि संगणकावर सरळ, हे कोडे तयार होते.

अँड्रॉइडवर निरनिराळ्या कंपन्यांच्या गॅलऱ्या वेगवेगळ्या आहेत, म्हणून इनशॉटसारखे संपादनाचे ॲप घेऊन त्यातील ‘फ्लिप’ वापरावे. मॅकवर क्विकटाइम प्लेअरच्या एडिट मेन्यूत ‘फ्लिप हॉरिझॉन्टल’ आहे, विंडोज 11 वर क्लिपचॅम्पमध्ये तशी सोय आहे.

व्हीएलसी फाइल न बदलता चालवतानाच उलटवतो. विंडोजवर टूल्समधील ‘इफेक्ट्स अँड फिल्टर्स’ उघडावे, व्हिडिओ इफेक्ट्स आणि त्यातील जॉमेट्री या पानावर ‘ट्रान्सफॉर्म’ला खूण करून खालच्या यादीतून ‘फ्लिप हॉरिझॉन्टली’ निवडावे. खिडकी बंद करण्यापूर्वी ‘सेव्ह’ दाबले नाही तर पुढच्या वेळी व्हीएलसी हे विसरतो. दाबले तर मात्र त्यानंतर चालवलेला प्रत्येक व्हिडिओ, लग्नाचा असो की बारशाचा, उलटाच दिसतो, आणि मग घरातले दुसरे कुणी संगणक बिघडल्याची हाकाटी करते. नवरात्र संपली की खूण काढून पुन्हा ‘सेव्ह’ करावे. निवड करूनही चित्रावर काहीच परिणाम होत नसेल तर प्रेफरन्सेसमधील इनपुट व कोडेक्स या भागात ‘हार्डवेअर ॲक्सिलरेटेड डिकोडिंग’ बंद करून व्हीएलसी पुन्हा सुरू करावा.

टीव्ही आणि प्रोजेक्टर

मोबाइलवर उलटा आणि टीव्हीवर सरळ, या तक्रारीचे कारण कास्टच्या चिन्हात आहे. यूट्यूबवरील कास्टचे बटण दाबले की मोबाइल चित्र पाठवत नाही, केवळ दुवा पाठवतो. व्हिडिओ टीव्ही स्वतः इंटरनेटवरून मागवतो आणि त्याला आपल्या ब्राउझरमधील उलटवण्याची खबर नसते. पडद्यावर जे दिसते तेच टीव्हीवर न्यायचे असेल तर संगणकाची एचडीएमआय केबल जोडावी, विंडोजची कळ आणि के एकत्र दाबून पडदा बिनतारी पाठवावा, किंवा क्रोमच्या मेन्यूतील कास्टमधून संपूर्ण टॅब पाठवावा. अँड्रॉइड फोनवरून स्क्रीन कास्ट केले तरी चालते. पेन ड्राइव्हवर कायमची उलटवलेली फाइल लावली तर यातले काहीच करावे लागत नाही.

प्रोजेक्टर असेल तर गोष्ट फारच सोपी आहे, पण ती फार कमी लोकांना माहीत असते. प्रोजेक्टर पडद्याच्या मागे ठेवण्याची सोय व्हावी म्हणून त्याच्या मेन्यूत प्रोजेक्शनच्या खाली ‘रिअर’ हा पर्याय असतो आणि तो निवडला की चित्र आडवे उलटते. प्रोजेक्टर पुढेच ठेवून ‘रिअर’ निवडावे. मग यूट्यूब असो की पेन ड्राइव्ह, सर्व काही आरशासारखे दिसते. ‘सीलिंग’ किंवा ‘रिअर सीलिंग’ निवडू नये, त्याने चित्र उलथे होते. मेन्यू सापडतच नसेल तर पातळ पांढरी चादर दोरीवर ताणून लावावी, प्रोजेक्टर एका बाजूला ठेवावा आणि सराव करणाऱ्यांना दुसऱ्या बाजूला उभे करावे. वाडीतल्या एका मंडळाच्या तालमीत हाच उपाय केला होता. उजेड थोडा कमी पडतो, म्हणून ट्यूबलाइट बंद करावी, आणि चादरीवर नक्षी नसावी.

चालू वर्ग

झूमवरील वर्गात विद्यार्थ्याला शिक्षिकेचे चित्र उलटवता येत नाही. व्हिडिओच्या सेटिंगमधील ‘मिरर माय व्हिडिओ’ ही खूण केवळ स्वतःला दिसणाऱ्या स्वतःच्या चित्रापुरती असते, इतरांना आपण सरळच दिसतो. नेमका याच ठिकाणी गैरसमज होतो: शिक्षिका स्वतःला आरशासारखे पाहतात आणि विद्यार्थ्यांनाही तसेच दिसत असेल असे धरून चालतात. विद्यार्थ्यांना उलटवलेले चित्र द्यायचे असेल तर ते शिक्षिकेच्या संगणकावरच उलटवावे लागते. त्यासाठी ओबीएस हा मोफत प्रोग्राम चांगला आहे. त्यात कॅमेरा जोडून त्याच्यावर उजवे क्लिक करावे, ट्रान्सफॉर्ममधील ‘फ्लिप हॉरिझॉन्टल’ निवडावे, ‘स्टार्ट व्हर्च्युअल कॅमेरा’ दाबावे आणि झूममध्ये कॅमेरा म्हणून ओबीएसचा कॅमेरा निवडावा. झूम आधीपासून उघडे असेल तर हा नवा कॅमेरा यादीत दिसत नाही, ते बंद करून पुन्हा उघडावे लागते. फळ्यावर बोल लिहून दाखवायचे असतील तेवढ्यापुरते झूममध्ये पुन्हा साधा कॅमेरा निवडावा, अन्यथा ‘ता थै’ विद्यार्थ्यांना उलटे वाचावे लागेल.